म्युटेशनला मर्यादा आहेत, आणि टीबीचा उपचार त्यांच्याच भरवशावर चालतो

प्रश्न: मी पुण्यात दहावीला विज्ञान शिकवते. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, उत्परिवर्तन (म्युटेशन) म्हणजे डीएनएची प्रत काढताना झालेली चूक. चुका बहुतेक घातकच असणार. मग नुसत्या चुकांच्या जोरावर एवढी उत्क्रांती कशी झाली? याला काही मर्यादा नाही का?" लगेच मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "मर्यादा नसेल तर माणसाला पंख का फुटत नाहीत?" वर्गात सांगता येईल असं सविस्तर उत्तर हवं आहे.

उत्तर:

मॅडम, मर्यादा आहेत. भरपूर आहेत, आणि त्यातल्या काही चक्क मोजता येतात. गडबड होते ती पुढच्या वाक्यात. 'मर्यादा आहेत, म्हणजे उत्क्रांती अशक्य' असा निष्कर्ष लोक काढतात आणि व्हॉट्सॲपवर फिरवतात. मर्यादा नेमकी कशावर आहे, हे कुणी विचारत नाही. माझं काम जीवाणूंच्या आनुवंशिकीतलं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. जीवाणूंच्या बाबतीत निदान आकडे हातात असतात.

एम.एस्सी.च्या मुलांकडून आम्ही एक प्रात्यक्षिक करून घेतो. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी जीवाणू वेगवेगळ्या नळ्यांत अगदी मोजक्या पेशींपासून 37 अंशांवर रात्रभर वाढवायचा. सकाळी नळ्या गढूळ झालेल्या असतात आणि एका मिलीलिटरमध्ये साधारण शंभर कोटी पेशी असतात. मग रिफाम्पिसिन हे जीवाणू मारणारं औषध घातलेल्या प्लेट घ्यायच्या. या औषधाच्या रंगाने प्लेटमधली जेली नारिंगी दिसते. प्रत्येक नळीतलं थोडं थोडं स्वतंत्र प्लेटवर पसरवायचं. दुसऱ्या दिवशी एखादी प्लेट कोरी निघते, बऱ्याच प्लेटवर पाच-सात वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) असतात आणि एखादीवर दीड-दोनशे. मुलं हमखास म्हणतात, "सर, माझं पिपेटिंग चुकलं." पिपेटिंग ठीकच असतं. औषध लागल्यावर गरजेपोटी पेशी बदलल्या असत्या, तर सगळ्या प्लेटवर आकडा साधारण सारखा आला असता. ज्या नळीत दोनशे निघाल्या तिथे म्युटेशन रात्री लवकर झालं आणि त्या पेशीची पिलावळ सकाळपर्यंत वाढली. औषध तोवर फ्रीजमध्येच होतं. लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 मध्ये जीवाणूंवरचे विषाणू वापरून हाच तर्क मांडला, आणि पुढे 1969 चं नोबेल त्यांना मिळालं.

ही पहिली मर्यादा. म्युटेशनला गरज कळत नाही. मागणी आहे म्हणून पुरवठा होत नाही.

आता त्याच प्रात्यक्षिकाचा दुसरा भाग, जो मला जास्त आवडतो. रिफाम्पिसिनला दाद न देणारी पेशी साधारण दहा कोटींत एक सापडते. समजा प्लेटमध्ये रिफाम्पिसिनसोबत असं दुसरं औषध घातलं, ज्याला पुरून उरायला वेगळ्याच जनुकात बदल लागतो आणि त्याचंही प्रमाण दहा कोटींत एक आहे. दोन्ही बदल एकाच पेशीत योगायोगाने जुळून यायचे, तर दहा कोटी गुणिले दहा कोटी इतक्या पेशी तपासाव्या लागतील. मिलीलिटरला शंभर कोटी या हिशेबाने तो दहा हजार लिटर द्रव होतो. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांमध्ये पाण्याचा टँकर येतो ना, तो अख्खा टँकर जीवाणूंनी गढूळ भरलेला, आणि त्यात अशी पेशी सरासरी एक. तिसरं तसंच औषध घाला, की टँकर दहा कोटी लागतात.

टीबीचा उपचार याच गणितावर उभा आहे. स्ट्रेप्टोमायसिन नवीन आलं तेव्हा ते एकटंच दिलं गेलं. रुग्ण आधी सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. फुप्फुसातल्या एका पोकळीत एक कोटीपासून शंभर कोटीपर्यंत जंतू असू शकतात. दहा कोटींत एक असा फरक असलेला जंतू तिथे उपचाराआधीच बसलेला असण्याची शक्यता चांगलीच असते. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळं. दोन औषधं एकदम दिली, तर दोन्हींतून वाचणारा जंतू त्या फुप्फुसात मुळात असणंच जवळपास अशक्य. म्हणून आज सुरुवातीचे दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं एकत्र दिली जातात. म्युटेशनला मर्यादा नसती, तर ही पद्धत चाललीच नसती.

इथेच आणखी एक मजेची गोष्ट दिसते. टीबीच्या जंतूत रिफाम्पिसिनला रोध करणारा बदल साधारण दहा कोटींत एकात असतो, आयसोनियाझिडला रोध करणारा मात्र दहा लाखांत एकात. हा शंभरपट फरक कशामुळे? आयसोनियाझिड हे औषध जंतूच्या आत गेल्यावर जंतूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला कार्यरत करतं. ते विकर बिघडलं की औषध निकामी. आणि एखादी गोष्ट बिघडवायचे मार्ग शेकडो असतात: त्याच्या जनुकातलं इथलं अक्षर बदला, तिथलं गाळा, मधला तुकडा उडवा, काहीही चालतं. रिफाम्पिसिन मात्र आरएनए तयार करणाऱ्या विकराच्या एका खाचेत जाऊन बसतं, आणि ते विकर बिघडलं तर जंतूच मरतो. म्हणजे खाच एवढीच बदलायला हवी की औषध बसणार नाही, पण विकराचं काम चालू राहील. असे बदल मोजकेच. इतके मोजके, की रिफाम्पिसिन-रोधाची सुमारे 95 टक्के प्रकरणं आरपीओबी नावाच्या जनुकातल्या अवघ्या 81 अक्षरांच्या पट्ट्यात सापडतात. सरकारी दवाखान्यात थुंकीचा नमुना घेऊन 'सीबीनॅट' करतात, ते यंत्र दोनेक तासांत रोध ओळखतं, कारण त्याला जंतूचं सगळं पुस्तक वाचावं लागत नाही. त्या 81 अक्षरांत काही हललंय का एवढंच ते बघतं.

आयसोनियाझिडचीही गोष्ट पुरती सोपी नाही. रुग्णांमध्ये प्रत्यक्ष पसरलेले जंतू तपासले तर त्या विकराची पुरती मोडतोड झालेले फारसे दिसत नाहीत. 315 व्या जागी एकच विशिष्ट बदल असलेले सगळ्यात जास्त सापडतात. या बदलाने औषध कार्यरत होत नाही, पण विकराचं मूळ काम बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणजे म्युटेशनने मोडतोडीचे शंभर नमुने पुढे केले आणि निवडीने त्यातला निभावणारा उचलला. वर्गात 'नैसर्गिक निवड' समजावायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मग सगळ्या औषधांना पुरून उरलेला टीबी येतो कुठून? पायरी-पायरीने. गोळ्या मध्येच सोडल्या, एखादं औषध अपुरं पडलं, की काही काळ जंतूला एकाच औषधाशी सामना करावा लागतो. एका औषधावर मात केलेल्या जंतूची संख्या कोट्यवधींत गेली, की त्यातल्या कुणाला तरी दुसरा बदल मिळतो. टँकर भरायची गरजच उरत नाही, दोन वेळा थोडं थोडं पुरतं. तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. मर्यादा एका दमात उडी मारण्यावर आहे, पायऱ्या चढण्यावर नाही. अट एवढीच, की प्रत्येक पायरीवर उभं राहता आलं पाहिजे.

ही अट साधी वाटते, पण ती फार कडक आहे. जीवाणूंच्या एका विकरात पाच बदल झाले की सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला त्याचा रोध सुमारे एक लाख पटीने वाढतो. पाच बदल ज्या क्रमाने होऊ शकतात असे क्रम 120. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये हे सगळे क्रम तपासले. त्यातले 102 क्रम निवडीला बंद निघाले, कारण वाटेत कुठेतरी पुढचा बदल फायद्याचा ठरतच नव्हता. उरले 18, आणि त्यातलेही काही इतरांपेक्षा कितीतरी जास्त संभाव्य. तोच बदल एका पार्श्वभूमीवर उपयोगी, दुसऱ्या पार्श्वभूमीवर नुकसानीचा. म्हणजे म्युटेशन कसंही होवो, उत्क्रांतीला जायला वाटा थोड्याच असतात. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या कीटकांत एकाच जनुकातल्या त्याच जागी कीटकनाशकाला रोध करणारा बदल पुन्हा पुन्हा का सापडतो, याचंही कारण हेच.

"पण यातून नवीन काय तयार झालं?" असा प्रश्न वर्गात येईलच. त्यासाठी अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ लेन्स्की यांचा प्रयोग सांगा. फेब्रुवारी 1988 मध्ये त्यांनी ई. कोलायच्या बारा चंबू-वसाहती सुरू केल्या. रोज प्रत्येकातला शंभरावा भाग नव्या चंबूत टाकायचा आणि दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. प्रयोग अजून चालू आहे आणि 75,000 पिढ्या कधीच ओलांडून गेल्या आहेत. त्या माध्यमात ग्लुकोज थोडं आणि सायट्रेट भरपूर असतं. ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. ते इतकं पक्कं आहे की सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ई. कोलाय ओळखायला जी आयएमव्हिक चाचणी शिकवतात, त्यात सायट्रेट निगेटिव्ह असणं ही एक खूण आहे. साधारण 31,500 पिढ्यांनंतर एका चंबूत, बारापैकी एकाच, सायट्रेट खाणारे जीवाणू निघाले. जनुक जुनंच होतं, सायट्रेट आत आणणारं. त्या तुकड्याची दुसरी प्रत निघाली आणि ती प्रत अशा बटणापुढे जाऊन बसली, जे ऑक्सिजनमध्येही चालू असतं. पण गोठवलेले जुने नमुने पुन्हा वाढवून पाहिले तेव्हा कळलं, की साधारण 20,000 पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच हा गुण पुन्हा निघतो, त्याआधीच्यांतून नाही. म्हणजे आधी काही पायऱ्या चढलेल्या असणं गरजेचं होतं.

मर्यादा आणि नावीन्य दोन्ही या एका चंबूत दिसतात. अकरा चंबूंना ते जमलं नाही हेही मुलांना आवर्जून सांगा. लोक फक्त बारावा सांगतात.

आता 'चुका बहुतेक घातक' याबद्दल. हे अर्धवट खरं आहे. प्रत्येक बाळ आई-वडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल घेऊन जन्माला येतं. त्यातले जास्त वडिलांकडून, आणि वडिलांचं वय जितकं जास्त तितके जास्त. तुमच्यात, माझ्यात, त्या मागच्या बाकावरच्या मुलातही ते आहेत. बहुतेकांचं काहीच होत नाही, कारण प्रथिनं बनवणारा भाग आपल्या डीएनएत एक-दोन टक्केच आहे. जपानी शास्त्रज्ञ किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलं, की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नुसत्या योगायोगाने टिकणारे किंवा नाहीसे होणारे. त्यावर बरंच रण माजलं, पण गाभा टिकला.

याच आकड्यावरून आणखी एक हिशेब करा. 800 कोटी माणसं, प्रत्येकात 60-70 नवे बदल, आणि डीएनएची अक्षरं सुमारे 300 कोटी. म्हणजे आज जगात असलेल्या माणसांत प्रत्येक अक्षरावर सरासरी शंभराहून जास्त नवे बदल झालेले आहेत. जिवंत राहता येईल असा एका अक्षराचा जवळपास प्रत्येक बदल आज कुणा ना कुणात असणार. एकेका अक्षराच्या बदलांचा पुरवठा ही आपली अडचण नाही. माळढोकाची आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला एकेकाळी हमखास दिसणारा हा पक्षी आता देशभरात दीडशेच्या आसपास उरला आहे. एवढ्या लहान संख्येत उपयोगी बदल वेळेवर निघेल अशी आशाच धरता येत नाही. उलट लहान समूहात निवडीची पकड सुटते आणि किंचित घातक बदलही योगायोगाने सगळ्यांत पसरतात. माळढोक ज्यांना धडकून मरतात त्या विजेच्या तारांना तो कधीतरी 'जुळवून घेईल' असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

कापसाच्या बोंडअळीचं बरोब्बर उलटं. अळ्यांची संख्या अफाट, वर्षाला अनेक पिढ्या, आणि बीटी कापसातलं अळी मारणारं प्रथिन तिच्या आतड्यातल्या ज्या प्रथिनाला चिकटतं ते मोडायचे मार्ग असंख्य. बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी कापूस लावा असा नियम होता, तो फारसा पाळला गेला नाही. बीटी कापूस 2002 मध्ये आला आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते शेतकऱ्यांनी पाहिलं. म्युटेशन तेच, मर्यादाही त्याच. फक्त संख्या आणि काळ दोन्ही अळीच्या बाजूने होते.

आणखी एक गोष्ट, जी शालेय पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. म्युटेशन एकटं काम करत नाही. वेगवेगळ्या जीवांत झालेले चांगले बदल एकत्र आणायची सोय निसर्गात आहे. लैंगिक प्रजनन ही त्यातली आपल्या ओळखीची. आपल्याकडचे शेतकरी टॅग-24 हा भुईमूग ओळखतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून तो काढला, म्हणून 'ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट'. किरणोत्साराने बदल घडवून मिळालेल्या वाणांची वंशावळ त्याच्यामागे आहे, पण शेतात चाललेला वाण त्यांचे संकर करून मिळाला. नुसत्या किरणांनी बहुतांशी खुजी, पिवळी, वांझ रोपं निघतात, हे त्या क्षेत्रातलं कुणीही सांगेल.

जीवाणूंकडे तर याहून मोठी सोय आहे. ते सरळ दुसऱ्या जातीकडून तयार जनुक घेतात. रुग्णालयांत धास्ती घेतात त्या क्लेब्सिएला या जीवाणूत एनडीएम-1 हे प्रतिजैविकं निकामी करणारं जनुक असं आयतं येतं, छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बसून, अनेकदा इतर औषधांच्या रोधासह. टँकरचा हिशेब इथे कोलमडतो. टीबीचा जंतू मात्र असं आयतं जनुक घेत नाही, त्याला सगळं स्वतःच्या म्युटेशनांतूनच मिळवावं लागतं. म्हणूनच टीबीत चार औषधांची युक्ती अजून टिकून आहे आणि क्लेब्सिएलापुढे आपण हतबल होतो. माझ्या मते, उत्क्रांतीत म्युटेशनचा वाटा किती आणि अदलाबदलीचा किती, हे शिकवायला या दोन जंतूंची जोडी पुरेशी आहे.

जास्त म्युटेशन म्हणजे जास्त उत्क्रांती, असंही नाही. एका हद्दीपलीकडे चुका झाल्या की पुढच्या पिढीत धड प्रतच उरत नाही. कोविडच्या काळात आलेलं मोलनुपिराविर हे औषध विषाणूला चुका करायला लावूनच मारतं.

म्हणून 'म्युटेशन उत्क्रांती चालवतं' हे वाक्य मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटलं होतं, की म्युटेशनच्या एका झटक्यात नवी जात तयार होते. इव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडांत त्यांना तसं दिसलंही. पुढे कळलं, की त्या झाडांची गुणसूत्रंच विचित्र पद्धतीने जोडलेली असतात आणि त्यांना दिसलेले बरेचसे 'नवे' प्रकार हे आधीच दडलेल्या गुणांची फेरमांडणी होती. म्युटेशन माल पुरवतं. कुठला माल खपेल हे निवड, योगायोग, समूहाचा आकार आणि आधीचा इतिहास ठरवतात.

आता पंख. सहावं बोट असलेली माणसं आपण पाहतो. काही घराण्यांत त्याला डीएनएतलं एकच नियंत्रक अक्षर बदललेलं पुरतं, कारण बोट कसं करायचं हे गर्भाला आधीच येतं, फक्त एकदा जास्त केलं जातं. पंखाला खांद्याचा सांधा, स्नायू, चेता, रक्तवाहिन्या सगळं नवं लागेल, आणि मधल्या प्रत्येक अवस्थेत ते ओझं बाळगूनही जगता आलं पाहिजे. शिवाय गर्भात हातपाय फुटायची जागा फार लवकर ठरते. तिथे ढवळाढवळ केली की इतर अवयवही बिघडतात. सस्तन प्राण्यांच्या मानेत मणके सातच असतात, उंदराच्याही आणि जिराफाच्याही. अपवाद म्हणजे स्लॉथ आणि मॅनेटी. जिराफाची मान मणके लांबवून वाढली, मणक्यांची संख्या वाढवून नाही.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत खरं उडणं तीनदा आलं: टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघळं. तिघांनीही त्यासाठी पुढचे पाय खर्ची घातले. टेरोसॉरने एक बोट प्रचंड लांबवलं, वटवाघळाने चार बोटांत पडदा ताणला, पक्ष्यांनी बोटं जोडून पिसांवर काम भागवलं. हात ठेवून वर पंख, म्हणजे देवदूताचं चित्र, कुणालाच जमलेलं नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलांतला उडता सरडा दाखवा, त्याचे व्हिडिओ सहज मिळतात. त्याचे चारही पाय शाबूत आहेत. त्याने लांबवल्या त्या बरगड्या, आणि त्यांच्यावर कातडी ताणली. त्या पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, पण बरगड्यांना फडफडवायचे स्नायू नाहीत, त्यामुळे निघाला त्याहून खालीच उतरतो.